नागरिकशास्त्राची तालीम

चिकलठाणा,
छत्रपती संभाजीनगर

प्रिय ताई,


तरुण मुलामुलींना नागरिकत्व शिकवताना नाटक दोन रीतींनी वापरले जाते. पहिल्या रीतीत संदेश आधी ठरतो, त्याच्याभोवती संहिता लिहिली जाते आणि मुले ती पाठ करून चौकात सादर करतात : मतदान करा, झाडे लावा, हेल्मेट घाला. दुसऱ्या रीतीत सुरुवातीला ना संहिता असते ना संदेश. दहा-पंधरा मुले एकत्र बसतात, आपापल्या वस्तीत घडलेले प्रसंग सांगतात, त्यांतला एक निवडतात, तो उभा करून पाहतात, त्यावरून भांडतात, तो बदलतात आणि शेवटी तो प्रसंग ज्यांच्या रोजच्या जगण्यातला आहे अशाच लोकांसमोर करतात. लेखक, दिग्दर्शक, नट अशी कायमची वाटणी त्यात नसते. या दुसऱ्या रीतीला सहयोगी किंवा समूहनिर्मित रंगभूमी म्हणतात. नागरिकशास्त्राच्या दृष्टीने कामाची तीच. पहिली रीत बहुतेक वेळा निव्वळ प्रचाराची असते. काळे कुर्ते, कमरेला बांधलेल्या ओढण्या, मागे प्रायोजकाचा फलक आणि वर्तमानपत्रासाठी एक फोटो एवढ्यावर ती भागते; डफ पिशवीत गेला की तिचा परिणामही संपतो.

शाळेतल्या नागरिकशास्त्राची अडचण सर्वांना माहीत आहे. सहावीत स्थानिक शासनसंस्था येतात, सातवीत संविधान येते, आठवीत संसदीय पद्धत येते; दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एक प्रश्नपत्रिका असते आणि त्यात राज्यशास्त्राचा वाटा धाकट्या भावाचा. पुस्तके वाईट नाहीत, उलट पूर्वीपेक्षा बरीच चांगली झाली आहेत. पण महापौराची मुदत किती वर्षांची हे पाठ केलेल्या मुलाला वॉर्ड ऑफिसात अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हे ठाऊक नसते. या शहरात तर मधल्या काळात पुस्तक आणि वास्तव यांची फारकतच झाली होती. ११५ वॉर्डांच्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या वर्षी सहावीत असलेल्या मुलीने नगरसेवकाची कर्तव्ये लिहून गुण मिळवले, पण अकरावीत जाईपर्यंत तिच्या वॉर्डाला नगरसेवकच नव्हता. १९८९ पासून मताचा हक्क अठराव्या वर्षी मिळतो. स्थानिक पातळीवर तो वापरायची संधी मात्र या पिढीतल्या अनेकांना वेळेवर मिळाली नाही. अशा मुलांना नागरिकत्व म्हणजे काय हे सांगायचे, तर निवडणुकीच्या धड्यापाशी थांबून चालत नाही. चारचौघांत बसून निर्णय घेणे, आपले म्हणणे मांडणे, दुसऱ्याचे पटले नाही तरी शेवटपर्यंत ऐकणे आणि ठरलेले पाळणे ही सवय लावावी लागते. तालमीची खोली ही सवय लावायला फार सोयीची जागा आहे, कारण तिथे काहीही ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात जोशीबुवाच्या नादी लागून नागवले जाणारे कुणबी जोडपे आहे, आणि शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेकडे वळते. त्यातला विदूषक विशेष पाहण्यासारखा आहे. तो गोष्टीत असतो आणि नसतोही; मध्येच तोंड घालून घडते आहे ते उलटे-सुलटे करून दाखवतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. पुढे सत्यशोधक जलसे आले, आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि इतरांचे आंबेडकरी जलसे आले. या जलशांनी तमाशाचा आराखडा ठेवला आणि आशय बदलला. करणारे धंदेवाईक नट नव्हते, गावातले शिकू लागलेले तरुण होते, आणि समोरचे लोक त्यांच्याच भावकीतले. चाळीसच्या दशकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी काम केले, पु. ल. देशपांड्यांनी त्या पथकासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. निळू फुले, राम नगरकर त्याच शाळेतले.

मराठवाड्याचा धागाही जुना आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद. त्याच वर्तुळात म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ आकाराला आले आणि दलित रंगभूमीच्या आरंभाशी त्याचे नाव जोडले गेले. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग कमलाकर सोनटक्के, लक्ष्मण देशपांडे यांच्यामुळे नावारूपाला आला. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि मित्रांची ‘जिगीषा’ ऐंशीच्या दशकात याच शहरात घडली. प्रकाश त्रिभुवन यांचे ‘थांबा, रामराज्य येतंय!’ इथलेच. नाटक करणाऱ्या पोरांची या शहरात कधी वानवा नव्हती. वानवा आहे ती स्पर्धेबाहेरच्या नाटकाची. युवक महोत्सवातले प्रहसन, मूकनाट्य, एकांकिका हे सगळे परीक्षकांसाठी बसवले जाते. वेळ संपल्याची घंटा, लेव्हल्स, लाइट, करंडक यांतून चांगले नट घडतात हे खरे. पण संघात निर्णय एकाचा चालतो आणि बाकीचे ‘सर सांगतील तसे’ करतात. नागरिकत्वासाठी नेमकी हीच सवय मोडायची असते.

सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या रीतीला शास्त्रशुद्ध रूप दिले ते ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी (१९३१–२००९). साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा चमू ईशान्य ब्राझीलच्या खेड्यांत जमीनदारांविरुद्ध नाटके करत हिंडे. एका प्रयोगाच्या शेवटी नटांनी बंदुका उंचावून जमिनीसाठी रक्त सांडण्याचे आवाहन केले. विर्जिलिओ नावाचा एक शेतकरी भारावून पुढे आला आणि म्हणाला की आधी जेवण करू, मग तुमच्या बंदुका घेऊन जमीनदारावर चालून जाऊ. नटांनी कबूल केले की बंदुका खोट्या आहेत. तो म्हणाला, हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही चला. नट गेले नाहीत. स्वतः जो धोका पत्करणार नाही तो दुसऱ्याला पत्करायला सांगायचा नाही, हा धडा बोआल यांनी त्यातून घेतला. चौकाचौकांत उपदेश करणाऱ्या प्रत्येक पथनाट्याला हा धडा लागू पडतो.

१९७१ मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीने बोआल यांना पकडले, छळ केला आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. १९७३ मध्ये पेरूतल्या साक्षरता मोहिमेत काम करताना ते प्रेक्षकांकडून सूचना घेत आणि नट त्याप्रमाणे प्रसंग बदलत. एका बाईच्या सूचनेप्रमाणे नटांनी प्रसंग पुन्हापुन्हा केला, तरी तिचे समाधान होईना. शेवटी बोआल म्हणाले, तूच ये आणि दाखव. ती रंगमंचावर आली आणि नवऱ्याचे काम करणाऱ्या नटाला झाडूने धू-धू धुतल्यावरच बोलायला बसली. प्रेक्षकाने सूचना देणे आणि प्रेक्षकाने स्वतः करणे या दोहोंतले अंतर तिथे उघडे पडले, आणि ‘फोरम थिएटर’ची वाट सापडली. पाउलो फ्रेरी यांच्या शिक्षणविचाराशी नाते सांगणारे बोआल यांचे पुस्तक १९७४ मध्ये आले. पुढे ब्राझीलला परतल्यावर ते रिओ द जानेरोच्या नगरपालिकेत निवडून आले आणि १९९३ ते १९९६ या काळात वस्त्यांतल्या प्रयोगांतून निघालेल्या सूचना सभागृहात मांडू लागले. त्यांतून तेरा कायदे झाले. भारतात संजय गांगुली यांच्या ‘जन संस्कृती’ने, १९८५ पासून काम करणाऱ्या संस्थेने, हे तंत्र पश्चिम बंगालच्या खेड्यांत रुजवले.

महाराष्ट्रातली अलीकडची तीन उदाहरणे मुद्दाम शेजारी ठेवून पाहावीत, कारण तिन्हींत ‘मिळून करणे’ वेगवेगळ्या जागी आहे. पहिले चिकलठाण्याहून सरळ जालना रस्त्याने गेले की लागणाऱ्या गावाचे. माहितीच्या अधिकाराच्या लढ्यावर मकरंद साठे यांनी ‘दलपतसिंग येती गावा’ हे नाटक लिहिले आणि अतुल पेठे यांनी ते जालन्याच्या हौशी तरुण कलावंतांना घेऊन बसवले. त्या लढ्याचे मूळ राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेत. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या : गावात मंडप टाकायचा, पंचायतीची बिले आणि हजेरीपट मोठ्याने वाचायचे, आणि ज्याच्या नावावर मजुरी लागली त्यालाच विचारायचे, बाबा, मिळाली का? हे मुळातच नाटक आहे, फक्त त्यातली पात्रे खरी आहेत. संघटनेने गाणी आणि कठपुतळ्यांचा वापरही भरपूर केला. ‘दलपतसिंग’ नाटकात संहिता नाटककाराची होती, पण ती ज्यांच्या तोंडी आली ते तरुण सरकारी कागदापुढे दबून राहणाऱ्या मुलखातले होते, आणि तालीम करताना त्यांना तो कायदा समजून घ्यावाच लागला.

दुसरे पुण्याचे. गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ पेठे यांनी २०१२ मध्ये पुणे महापालिकेच्या कामगार युनियनमधल्या सफाई कामगारांना बरोबर घेऊन केले. तिसरे ठाण्याचे, आणि तरुणांच्या दृष्टीने ते सर्वांत जवळचे. रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर २०१४ पासून ‘वंचितांचा रंगमंच’ चालवला. झोपडवस्त्यांतल्या मुलामुलींनी आपल्याच आयुष्यातले विषय घेऊन छोट्या नाटिका रचायच्या, बसवायच्या आणि करायच्या. जाणत्या रंगकर्मींनी मदतीला उभे राहायचे, लगाम हातात घ्यायचा नाही, असा तो प्रकार. मतकरींसारख्या सिद्धहस्त नाटककाराने स्वतःची लेखणी बाजूला ठेवून मुलांचे ऐकत बसणे ही लहान गोष्ट नव्हती. याउलट १९८६ च्या सुमारास डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनहून पुण्यात आणलेली ग्रिप्स थिएटरची परंपरा आहे. तिथे मोठी माणसे मुलांच्या बाजूने, मुलांच्या खऱ्या प्रश्नांवर उत्तम नाटक करतात. मुलांना ते खूप देते. पण त्यात मूल प्रेक्षक असते. बोआल यांच्या रीतीत ते उठून पुढे येते.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते आता क्रमाने. पहिल्या काही बैठका नुसत्या खेळांच्या असतात. डोळे मिटून जोडीदाराच्या आवाजामागे चालणे, एकाने आरसा व्हायचे आणि दुसऱ्याने हालचाल करायची, असे. यांचा हेतू लाज घालवणे एवढाच नसतो. कोण नेहमी पुढे घुसतो, कोण कधीच बोलत नाही, मुले आणि मुली किती अंतर ठेवून उभी राहतात हे त्यात शिक्षकाला दिसते. मग येते प्रतिमा. शब्द वापरायचे नाहीत; मित्रांची शरीरे वळवून एक गोठलेले चित्र उभे करायचे. ‘आपल्या भागातले सरकार’ असा विषय दिला तर मुले बहुधा खुर्चीवर एक, पायाशी दोघे आणि पाठमोरा एक असे काहीतरी उभे करतात. त्यानंतर ‘असायला हवे तसे’ चित्र, आणि मग खरी मेहनत, पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याची. मधली पायरी बहुतेकांना सुचत नाही. नागरिकशास्त्र त्या मधल्या पायरीत असते.

यानंतर प्रसंग. नमुन्यादाखल नळाचा घेता येईल. जायकवाडीसारखे धरण हाताशी असूनही या शहराच्या बऱ्याच भागांना वर्षानुवर्षे कित्येक दिवसांआड पाणी मिळत आले आहे, तेव्हा विषय समजावून सांगावा लागत नाही. समजा, अकरावीतली मुलगी आईबरोबर वॉर्ड ऑफिसात येते. नळाला गढूळ पाणी येते अशी तक्रार आहे. कारकून मान वर न करता म्हणतो, अर्ज ठेवून जा. दुसऱ्या दिवशी : साहेब साइटवर गेलेत. तिसऱ्या दिवशी : अर्ज? कोणता अर्ज? आई मुलीलाच म्हणते, चल, तुझे कॉलेज बुडते आहे. प्रसंग इथे, हरण्यावर, संपवायचा. तोडगा दाखवायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

मग सूत्रधार पुढे येतो. बोआल यांनी या भूमिकेला जोकर म्हटले आहे. फुल्यांच्या विदूषकाचे आणि तमाशातल्या सोंगाड्याचे काम ज्याने पाहिले आहे त्याला तो परका वाटणार नाही. तो प्रेक्षकांना सांगतो की प्रसंग पुन्हा सुरू होईल. जिथे मुलीने वेगळे वागायला हवे होते असे वाटेल तिथे ‘थांबा’ म्हणा आणि तिच्या जागी या. पहिला येतो तो हमखास आरडाओरडा करणारा. कारकुनाचे काम करणारा मुलगा तयारीचा असेल तर शांतपणे शिपायाला हाक मारतो आणि गडी बाहेर जातो. दुसरा खिशातून फोन काढून ‘भाऊं’ना लावतो. भाऊंचा फोन आला की काम चुटकीसरशी होते, टाळ्याही पडतात. सगळ्या प्रयोगातली मोलाची जागा ही. सूत्रधाराने इथे भाषण करू नये. एवढेच विचारावे की ज्याची भाऊंशी ओळख नाही त्याच्या नळाचे काय, आणि भाऊ पुढच्या वेळी काय मागतील. गर्दीत एकदम कुजबुज सुरू होते, कारण दोन्ही उत्तरे सगळ्यांना माहीत असतात. तिसरी एखादी बाई येते आणि अर्जाची पोच मागते. शिक्का नाही, कारकून म्हणतो. मग सही द्या, तारीख टाका. चौथी गल्लीतल्या दहा बायकांना घेऊनच येते.

कारकुनाच्या खुर्चीत बसलेल्या मुलालाही यात बरेच काही समजते. समोर येणारा प्रत्येक माणूस आपल्यावरच ओरडतो, निर्णय आपल्या हातात नसतो आणि साहेब खरोखरच साइटवर असतात, हे तो तालमीतच सांगू लागतो. अधिकारी म्हणजे दुष्ट हे सोपे समीकरण तिथे ढिले होते. नागरिक म्हणून वागायला शिकवायचे, तर मुलांना विरुद्ध बाजूच्या खुर्चीत आळीपाळीने बसवणे याइतके परिणामकारक दुसरे काही नाही. वर्गातल्या वादविवाद स्पर्धेत हे साधत नाही, कारण तिथे जिंकायचे असते.

माहितीचा भाग इथून आत येतो, आधी नाही. पोच मागणाऱ्या बाईला पुढे काय करता येईल असा प्रश्न निघाला की मुले स्वतःहून शोधू लागतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही शुल्क नाही. उत्तराला तीस दिवस. नाही आले तर पहिले अपील. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे आणि अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क तो देतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या सांगितल्या आहेत. ही सगळी कलमे पुस्तकात कोरडी वाटतात. प्रसंगात अडकलेल्या मुलीला ती हवी असतात.

चिकलठाण्यात विषयांचा तुटवडा नाही. जुने गाव महापालिकेच्या हद्दीत आलेले, एका अंगाला एमआयडीसी, एका अंगाला विमानतळ, बाजूने सुखना नदी. पण सर्वांत सकस विषय कचऱ्याचा, कारण त्यात खलनायक सापडत नाही. शहराचा कचरा वर्षानुवर्षे नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकी परिसरातल्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या. त्यांच्या विहिरी, शेती, पोरांचे श्वास यांचा तो प्रश्न होता. शहरात रस्तोरस्ती ढीग लागले. पर्यायी जागा शोधत गाड्या जिथे गेल्या तिथे विरोध झाला, मिटमिट्याला तर दगडफेक आणि पोलिसी कारवाईपर्यंत प्रकरण गेले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. मग कचरा प्रक्रिया केंद्रांसाठी चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी या जागा ठरल्या. म्हणजे जो प्रश्न नारेगावचा होता त्यातला एक हिस्सा चिकलठाण्याच्या दारात आला. प्रसंग असा उभा करता येतो : एका बाजूला नारेगावची आजी, दुसऱ्या बाजूला फ्लॅटमधली गृहिणी, मध्ये घंटागाडीवरचा कंत्राटी कामगार, आणि ज्या गावात केंद्र येणार तिथला तरुण. चौघांचेही म्हणणे रास्त आहे. ‘आमच्याकडे नको’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी येते आणि चौथ्यांदा आले की मुलांनाच ते ऐकवत नाही. ओला-सुका कचरा वेगळा करण्यावर दहा फलक रंगवून जे होत नाही ते इथून सुरू होऊ शकते, निदान वाद तरी योग्य जागी सुरू होतो.

कारखान्यांचा विषय अधिक नाजूक. आयटीआय करून किंवा न करता अठराव्या वर्षी मुले ठेकेदारामार्फत गेटच्या आत जातात. पगाराची पावती, पीएफ, ईएसआय कार्ड, अपघात झाला तर कोणाचे नाव लावायचे, हेही नागरिकत्वच आहे. कारखान्याच्या दाराशी नाटक करण्याची परंपरा देशात आहे आणि तिची किंमतही मोजली गेली आहे : जन नाट्य मंचाच्या सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरला नाटक चालू असतानाच हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. शाळेतल्या मुलांच्या गटाने हा विषय घेताना प्रयोग वस्तीत, आईबापांसमोर करावा. विर्जिलिओच्या प्रसंगातला धडा इथे शिक्षकाला लागू होतो.

आता अडचणी. वेळ ही पहिली. घरात आई-वडील पहिल्या-दुसऱ्या पाळीत. धाकट्याला सांभाळायला मुलगी लागते. अंधार पडायच्या आत तिला घरी पोचायचे असते. तालमीची वेळ मुलग्यांच्या सोयीने ठरली की मुली गळतात, आणि मग तो गट नागरिकत्व शिकवण्याच्या लायकीचा राहत नाही. म्हणून वेळ ठरवणे हाच पहिला सामूहिक निर्णय करावा आणि तो मुलींच्या तोंडून आधी ऐकावा. दुसरी अडचण खाजगीपणाची. मुले विश्वासाने घरातले सांगतात. ज्याच्यावर बेतले त्यालाच ते काम कधीही द्यायचे नाही, नावगाव बदलायचे, दोन-तीन अनुभव मिसळायचे, आणि कोणी ‘हे नको’ म्हटले तर चर्चा न करता सोडून द्यायचे. रडू आणणारा प्रसंग बक्षीस मिळवून देतो म्हणून मुलांच्या दुःखाची जत्रा भरवणारे मार्गदर्शक असतात. त्यांच्यापासून गट लांब ठेवावा. जातीचा प्रश्न निघाला की शिक्षकाची खरी परीक्षा. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा ज्या शहरात १९९४ पर्यंत चालला तिथे तो विषय कोणत्या ना कोणत्या रूपाने निघतोच. तो टाळला तर मुलांना कळते की इथे सगळे बोलता येत नाही, आणि उरलेली तालीम नाटकी होते.

परवानगीचा भाग कंटाळवाणा पण टाळता न येणारा. जाहीर प्रयोगासाठी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते. दर प्रयोगाला बदलणाऱ्या नाटकाची संहिता कोणती द्यायची हा गमतीचा पेच आहे. शाळेच्या पटांगणात, समाजमंदिरात, पालकसभेत केलेल्या प्रयोगांना मुख्याध्यापकांची लेखी संमती पुढे ठेवणे आणि लाउडस्पीकर न लावणे हे व्यवहारात बरे पडते. चाळीस-पन्नास माणसांपुढे आवाज पोचतोच, आणि त्याहून मोठ्या गर्दीत ‘थांबा’ म्हणायला कोणी उठत नाही.

ताई, तुझ्या नववीच्या वर्गापुरते बोलायचे तर आठवड्यातून दोन तास, एक सत्र, एवढ्यात एक प्रसंग नीट तयार होतो. याला गुण देऊ नयेत. गुण आले की मुले शिक्षकाला हवे ते सुचवू लागतात. बीड जिल्ह्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ उपक्रमाने जिल्हा परिषद शाळांत मुलांना गटात बसवून, बोलते करून मूल्ये रुजवायचा प्रयत्न केला. गटात बसण्याची ती सवय असलेला वर्ग मिळाला तर नाटकाचे काम सोपे जाते. मोजायचेच असेल तर एवढे पाहावे : पहिल्या महिन्यात बोलणारी मुले किती होती आणि तिसऱ्या महिन्यात किती, ठरलेला निर्णय न पटलेल्या मुलाने तो पाळला का, कोणी दुसऱ्याच्या बाजूने मुद्दा मांडला का.

प्रयोगानंतरचे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. प्रेक्षकांनी केलेली प्रत्येक सूचना, कोणी केली आणि तिचे काय झाले, हे दोन मुलांनी वहीत लिहून ठेवावे. त्यातल्या करता येण्याजोग्या एक-दोन सूचनांवर खरा अर्ज लिहावा, मोठ्यांच्या सहीने द्यावा, पोच घ्यावी आणि तीस दिवसांनी त्याच लोकांसमोर निकाल सांगावा, काहीच झाले नसेल तर तेही सांगावे. पुढच्या वर्षीचा गट ही वही वाचून सुरुवात करतो. अर्जाला उत्तर आले नसेल तर त्याला नवा विषय शोधावा लागत नाही. अपील कसे करतात, तिथे कोण बसतो आणि काय विचारतो, हा पुढचा प्रसंग तयारच असतो.



तुझा,
धाकटा भाऊ